खराब डेटामुळे कंपनी बुडू शकते का? आणि कोडिंग न येणारे कर्मचारी तो डेटा कसा सुधारू शकतात?

अमेरिकेतली 'टार्गेट' ही रिटेल क्षेत्रातली बलाढ्य कंपनी. मार्च २०१३मध्ये तिने कॅनडात पहिली दुकानं उघडली. दोन वर्षंही झाली नव्हती, तोच १५ जानेवारी २०१५ला कंपनीने कॅनडातून गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. १३३ दुकानं बंद होणार होती आणि सुमारे १७,६०० लोकांच्या नोकऱ्या जाणार होत्या.

या अपयशाची कारणं अनेक होती. विस्ताराची घाई, ग्राहकांना न पटलेल्या किमती, आधीपासून पाय रोवून बसलेले स्पर्धक. पण एक कारण ऐकायला अगदी किरकोळ वाटेल असं होतं. कॉम्प्युटरमध्ये भरलेली मालाची माहिती चुकीची होती.

दुकानातले शेल्फ रिकामे आणि गोडाऊन मात्र ओसंडून वाहणारी, अशी अवस्था झाली होती. 'कॅनेडियन बिझनेस' या नियतकालिकाने २०१६मध्ये आतल्या लोकांशी बोलून या प्रकरणाचा सविस्तर वृत्तांत छापला. त्यात अनेक गोष्टी समोर आल्या. कुठे सेंटिमीटरच्या जागी इंच टाकले होते, कुठे लांबीच्या रकान्यात रुंदी भरली होती, कुठे चलन चुकलं होतं, तर कुठे बारकोडचे आकडेच अपुरे होते. अमेरिकेत टार्गेटचा डेटा ९८ ते ९९ टक्के अचूक असायचा. कॅनडात हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, असा अंदाज या वृत्तांतात दिला होता.

खोक्याचं माप चुकलं की ट्रकमध्ये किती माल बसेल याचा हिशेब चुकतो. बारकोड चुकला की माल सिस्टिममध्ये सापडत नाही. एका नोंदीतली चूक छोटी दिसते. पण उत्पादनं सुमारे ७५ हजार असतील तर?

मोठ्या कंपनीत डेटा नेमका बिघडतो कसा, 'नो-कोड' टूल्स त्यावर काय उपाय देतात आणि त्यांच्या मर्यादा कोणत्या, हे समजून घेऊया.

'चांगला डेटा' म्हणजे नेमकं काय?

डेटा क्वालिटी हा शब्द जड वाटतो, पण तो सहा साध्या प्रश्नांत मावतो. तुमच्या बँकेतली, विमा कंपनीतली किंवा ऑफिसच्या एचआर विभागातली तुमची नोंद डोळ्यांसमोर आणा.

- अचूकता: लिहिलेली माहिती खरी आहे का?
- पूर्णता: गरजेचे सगळे रकाने भरलेत का?
- वैधता: माहिती ठरलेल्या साच्यात बसते का? उदाहरणार्थ, पिन कोड सहा अंकीच आहे का?
- सुसंगती: एकाच माणसाची माहिती दोन विभागांत सारखीच आहे का?
- ताजेपणा: पत्ता आजचा आहे की सात वर्षांपूर्वीचा?
- एकमेवता: एकाच ग्राहकाच्या तीन नोंदी तर नाहीत ना?

यात वैधता आणि अचूकता यांची हमखास गल्लत होते. ४११००१ हा पुण्याचा पिन कोड आहे. सहा अंकी आहे, अस्तित्वात आहे, म्हणजे वैध आहे. पण ग्राहक नाशिकला राहत असेल तर तो चुकीचाच. साच्यात न बसणारी चूक मशीन पटकन पकडतं. साच्यात बसणारी चूक पकडायला ती माहिती ओळखणारा माणूस लागतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे.

मोठ्या कंपन्यांमध्येच हा गोंधळ जास्त का होतो?

लहान दुकानात मालकाला प्रत्येक गिऱ्हाईक चेहऱ्याने माहीत असतं. मोठ्या कंपनीत एकाच ग्राहकाची माहिती सेल्स, अकाउंट्स, सर्व्हिस आणि कॉल सेंटर असे चार विभाग वेगवेगळ्या सिस्टिममध्ये भरतात. त्यात एखादी दुसरी कंपनी विकत घेतली की तिचा डेटाही येऊन मिळतो. बिघाडाची नेहमीची कारणं अशी:

सक्तीचे रकाने: फॉर्ममध्ये फोन नंबर भरल्याशिवाय पुढे जाताच येत नसेल आणि नंबर हाताशी नसेल, तर कर्मचारी काय करतो? दहा वेळा ९ दाबतो. जन्मतारखेच्या जागी १ जानेवारी टाकतो. रकाना भरला जातो, माहिती मात्र मिळत नाही. अहवालात 'पूर्णता १०० टक्के' दिसते.

नावांचं स्पेलिंग: मराठी नावं इंग्रजीत टाईप करताना प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. देशमुखमधल्या 'ख'साठी कोणी 'के'नंतर 'एच' लावतो, कोणी नाही. 'दीपक'मधल्या 'दी'साठी कोणी दोनदा 'ई' लिहितो, कोणी 'आय'. कोणी वडिलांचं नाव पूर्ण लिहितो, कोणी फक्त आद्याक्षर. माणूस एकच, नोंदी चार.

बदललेली गावांची नावं: औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर. जुनी आणि नवी नावं एकाच शीटमध्ये असतील तर जिल्हावार विक्रीच्या अहवालात एकाच शहराच्या दोन ओळी दिसतात आणि दोन्ही आकडे अपुरे असतात.

तारखांचा घोळ: ०३/०४/२०२५ म्हणजे भारतात ३ एप्रिल आणि अमेरिकेत ४ मार्च. अमेरिकी सेटिंग असलेल्या कॉम्प्युटरवर आपली फाइल उघडली की हा गोंधळ सुरू होतो.

एक्सेलची 'मदत': एक्सेल न विचारता काही गोष्टी बदलतं. खाते क्रमांकाच्या सुरुवातीचे शून्य उडवतं. संख्येचे पहिले १५ अंकच जपतं, त्यामुळे १६ अंकी कार्ड नंबर टाकला तर शेवटचा अंक शून्य होतो. हा त्रास शास्त्रज्ञांनाही झाला आहे. 'मार्च १' आणि 'सेप्ट १' अशी लघुरूपं असलेल्या मानवी जनुकांना एक्सेल तारीख समजून बदलून टाकायचं. शेवटी २०२०मध्ये जनुकांना अधिकृत नावं देणाऱ्या समितीने अशा जनुकांची नावंच बदलल्याचं जाहीर केलं. एक्सेल बदलण्यापेक्षा जनुकाचं नाव बदलणं त्यांना सोपं वाटलं!

नो-कोड टूल्स म्हणजे काय?

पूर्वी डेटा साफ करायचा म्हणजे आयटी विभागाकडे विनंती पाठवायची आणि वाट बघायची. तिथला प्रोग्रॅमर कोड लिहिणार, पण 'डिस्काउंट २' या रकान्याचा खरा अर्थ त्याला ठाऊक नसणार. ज्याला अर्थ ठाऊक आहे त्या सेल्स विभागातल्या माणसाला कोड येत नाही. अडचण इथेच होती.

नो-कोड टूल ही दरी कमी करतं. यात प्रोग्रॅम लिहायचा नसतो. मेनूमधून पर्याय निवडायचे, ठोकळे माउसने ओढून जोडायचे, अटी ठरवायच्या. मागचा कोड टूल स्वतः तयार करतं. या टूल्सचे ढोबळमानाने तीन प्रकार करता येतात.

पहिला प्रकार माहिती भरतानाच चूक अडवणारा. मायक्रोसॉफ्ट पॉवर अ‍ॅप्स, गूगलचं अ‍ॅपशीट, झोहो क्रिएटर यांनी मोबाईलवर चालणारे फॉर्म बनवता येतात. एक्सेलमधली 'डेटा व्हॅलिडेशन' सोयही याच जातीची.

दुसरा प्रकार आधीच साठलेला कचरा साफ करणारा. एक्सेल आणि पॉवर बीआयमधलं पॉवर क्वेरी, टॅब्लो प्रेप, अल्टरिक्स, झोहो डेटाप्रेप, अ‍ॅमेझॉनचं ग्लू डेटाब्रू ही यातली परिचित नावं. ओपनरिफाइन हे टूल तर मोफत आणि मुक्तस्रोत आहे.

तिसरा प्रकार पहारा देणारा. पॉवर ऑटोमेटसारखी टूल्स ठरलेल्या वेळी तपासणी चालवतात आणि गडबड दिसली की संबंधित माणसाला मेल किंवा मेसेज पाठवतात.

यातलं बरंच काही तुमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आत्ताही असण्याची शक्यता आहे. पॉवर क्वेरी एक्सेल २०१६पासून एक्सेलमध्येच येते. 'डेटा' टॅबमधल्या 'गेट डेटा'वर क्लिक केलं की ती सुरू होते.

प्रत्यक्षात काम कसं चालतं?

समजा, एका मोठ्या कंपनीकडे राज्यभरातल्या ४० हजार विक्रेत्यांची यादी आहे. वीस शाखांनी दहा वर्षांत ती भरली आहे. बिलं परत येतात, पैसे चुकीच्या खात्यात जातात. कंपनीतल्याच, कोडिंग न येणाऱ्या टीमने हे काम हातात घेतलं, तर ते साधारण पाच पायऱ्यांत होतं.

पहिली पायरी: आधी तपासणी, मग औषध

यादी पॉवर क्वेरीत उघडून 'व्ह्यू' टॅबमधला 'कॉलम क्वालिटी' पर्याय सुरू केला की प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर तीन टक्केवाऱ्या दिसतात: ठीक, चुकीच्या आणि रिकाम्या नोंदी किती. 'कॉलम डिस्ट्रिब्युशन'मध्ये कोणती किंमत किती वेळा आली हे कळतं. एकच फोन नंबर ३०० विक्रेत्यांना लागला असेल तर तो इथेच उघडा पडतो.

एक खाचखळगा मात्र माहीत हवा. पॉवर क्वेरी ही तपासणी सुरुवातीला फक्त पहिल्या १,००० ओळींवर करते. खालच्या पट्टीवर जाऊन 'संपूर्ण डेटा' हा पर्याय निवडावा लागतो. नाहीतर ४० हजारांपैकी ३९ हजार ओळी न बघताच 'सगळं ठीक आहे' असं वाटतं.

दुसरी पायरी: नियम ठरवा

आपल्याकडच्या बहुतेक सरकारी क्रमांकांमध्येच तपासणीची सोय दडलेली आहे.

- पॅन: दहा अक्षरांचा. आधी पाच इंग्रजी अक्षरं, मग चार अंक, मग एक अक्षर. चौथं अक्षर धारकाचा प्रकार सांगतं. व्यक्तीसाठी 'पी', कंपनीसाठी 'सी'.
- आयएफएससी: ११ अक्षरांचा. पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं नेहमी शून्य. तिथे शून्याऐवजी इंग्रजी 'ओ' टाईप होणं ही नेहमीची चूक.
- जीएसटी क्रमांक: १५ अक्षरांचा. पहिले दोन अंक राज्याचे. महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या धारकाचा पॅन. शेवटचं अक्षर पडताळणीसाठी.

म्हणजे जीएसटी क्रमांकातली तिसरी ते बारावी अक्षरं आणि पॅनचा रकाना जुळत नसेल, तर दोहोंपैकी एक नक्की चुकलाय. बिलाचा पत्ता कोल्हापूरचा आणि जीएसटी क्रमांक ३०ने सुरू होत असेल, तरीही काहीतरी गडबड आहे. असे नियम नो-कोड टूलमध्ये 'जर असं असेल तर तसं' या पद्धतीने, मेनूमधून लावता येतात.

बारकोडमध्येही अशीच युक्ती आहे. बिस्किटाच्या पुड्यावरचा १३ अंकी नंबर बघा. शेवटचा अंक आधीच्या १२ अंकांवरून काढलेला असतो. समजा, पहिले बारा अंक ८९०१२३४५६७८९ आहेत. त्यांना डावीकडून आळीपाळीने १ आणि ३ने गुणून बेरीज केली तर १३० येते. पुढच्या दशकापर्यंत पोहोचायला काहीच लागत नाही, म्हणून तेरावा अंक ०. आता टाईप करताना ४च्या जागी ९ पडला तर बेरीज होते १३५ आणि शेवटचा अंक ५ यायला हवा. तिथे ० आहे, म्हणजे चूक पकडली गेली. टार्गेट कॅनडाच्या नव्या सिस्टिममध्ये चुकीची नोंद भरतानाच टोकणारी अशी सुरक्षा जाळी नव्हती, असं त्या वृत्तांतात म्हटलं होतं. पुढे कर्मचाऱ्यांना हातातली कामं बाजूला ठेवून उत्पादनांच्या नोंदी एक-एक करून तपासाव्या लागल्या.

तिसरी पायरी: जुळ्या नोंदी शोधा

इथे ओपनरिफाइनचं 'क्लस्टर' बटण कामाला येतं. ते नावातली विरामचिन्हं काढतं, मोठी-लहान अक्षरं सारखी करतं, शब्द वर्णक्रमाने लावतं आणि मग तुलना करतं. त्यामुळे 'पाटील ट्रेडर्स' आणि 'ट्रेडर्स, पाटील' एकत्र येतात. उच्चारावरून किंवा किती अक्षरं वेगळी आहेत यावरून जुळवणाऱ्या पद्धतीही त्यात आहेत. देशमुखचं एक 'एच' असलेलं आणि नसलेलं रूप त्या पकडतात. पॉवर क्वेरीत याला 'फझी मॅच' म्हणतात. तिथे साम्याची पातळी ० ते १च्या दरम्यान ठरवता येते आणि आपण काही न बदलल्यास ती ०.८० असते.

सगळ्यात जास्त सांभाळायची पायरी हीच. पातळी खूप खाली आणली तर सांगलीचे एस. आर. पाटील आणि साताऱ्याचे एस. डी. पाटील एक होऊन बसतील. दोन नोंदी वेगळ्या राहिल्या तर गैरसोय होते. दोन माणसं एक झाली तर एकाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात जातात. म्हणून टूलने फक्त सुचवायचं आणि 'एकत्र करा' हे बटण माहीतगार माणसाने दाबायचं. पत्ता, पॅन, फोन यांपैकी आणखी एक गोष्ट जुळल्याशिवाय विलीनीकरण नाही, हा नियम बरा.

चौथी पायरी: गळती जिथे आहे तिथे बंद करा

नळ चालू ठेवून फरशी पुसण्यात अर्थ नाही. जिल्ह्याचं नाव टाईप करायला देण्याऐवजी ड्रॉपडाउन दिला की जुनं नाव, नवं नाव आणि चुकीचं स्पेलिंग हे तिन्ही प्रश्न मिटतात. फोन नंबर नसेल तर 'उपलब्ध नाही' असा प्रामाणिक पर्याय दिला की दहा वेळा ९ दाबायची वेळ येत नाही.

इथे एक प्रश्न येतो: चुकीच्या नोंदीवर नुसता इशारा द्यायचा की अडवायचंच? जपानमधलं एक प्रकरण यासाठी कायम लक्षात ठेवावं असं आहे. ८ डिसेंबर २००५ला मिझुहो सिक्युरिटीज या कंपनीला 'जे-कॉम'चा एक शेअर ६ लाख १० हजार येनला विकायचा होता. ऑर्डर टाकताना आकडे उलटे पडले आणि ६ लाख १० हजार शेअर एका येनला विकायला निघाले. स्क्रीनवर इशारा आला होता, पण तो दुर्लक्षिला गेला. एकूण नुकसान सुमारे ४० अब्ज येनच्या घरात गेलं.

एक्सेलच्या डेटा व्हॅलिडेशनमध्ये 'स्टॉप', 'वॉर्निंग' आणि 'इन्फर्मेशन' असे तीन प्रकार आहेत. पैसा, खाते क्रमांक, औषधाचं प्रमाण अशा ठिकाणी 'स्टॉप'च हवा. पण उठसूट इशारे दिले तर लोक न वाचता 'ओके' दाबायला शिकतात, हेही तितकंच खरं.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट. ही सोय हाताने टाईप केलेल्या माहितीवर चालते. कोणी दुसरीकडून कॉपी-पेस्ट केलं तर नियमच पुसला जाऊ शकतो. आणि नियम लावण्याआधीच्या नोंदी तो आपोआप तपासत नाही. त्यासाठी 'सर्कल इनव्हॅलिड डेटा' हा पर्याय आहे, तो चुकीच्या नोंदींभोवती लाल वर्तुळ काढतो.

पाचवी पायरी: मालक ठरवा आणि आकडा मोजा

प्रत्येक महत्त्वाच्या रकान्याला एक जबाबदार माणूस हवा. 'सगळ्यांची जबाबदारी' म्हणजे कोणाचीच नाही. दर सोमवारी चुकीच्या नोंदींची संख्या शाखानिहाय काढून त्या-त्या शाखेकडेच जायला हवी. मुख्यालयाने परस्पर दुरुस्ती केली तर शाखेला आपली चूक कधी कळतच नाही आणि पुढच्या महिन्यात ती पुन्हा येते.

मग नो-कोड टूल्समध्ये धोका काहीच नाही का?

आहे, आणि तो मोठा आहे. जगातलं सगळ्यात लोकप्रिय नो-कोड टूल म्हणजे एक्सेल, आणि डेटाचे मोठे घोटाळेही त्याच्याच आधाराने झालेत.

ऑक्टोबर २०२०मध्ये, कोव्हिडच्या ऐन लाटेत, इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या लक्षात आलं की १५,८४१ बाधितांच्या नोंदी रोजच्या आकडेवारीत आल्याच नव्हत्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबरदरम्यानचा हा प्रकार. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये ओतली जात होती. त्या प्रकारात ६५,५३६ ओळींच्या वर काहीही मावत नाही. उरलेल्या नोंदी गुपचूप गळाल्या. बाधितांना त्यांचे रिपोर्ट मिळाले होते, पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध काही दिवस लांबला. साथीच्या काळात त्या काही दिवसांची किंमत वेगळी सांगायला नको.

२०१२मध्ये जेपी मॉर्गन या बँकेला एका व्यवहारात ६ अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला. बँकेच्याच चौकशी अहवालात नोंद आहे की जोखीम मोजणारं मॉडेल एक्सेलच्या शीट्समध्ये, हाताने कॉपी-पेस्ट करून चालत होतं. एका सूत्रात तर सरासरीने भागायच्या जागी बेरजेने भागलं होतं. त्यामुळे जोखीम होती त्यापेक्षा कमी दिसली.

म्हणजे टूल सोपं असलं की चूक करणंही सोपं होतं. म्हणून चार पथ्यं पाळायला हवीत.

- मूळ डेटाला हात लावायचा नाही. सफाई नेहमी प्रतीवर करायची.
- काय बदललं याची नोंद ठेवायची. पॉवर क्वेरी 'अप्लाइड स्टेप्स'मध्ये आणि ओपनरिफाइन इतिहासात प्रत्येक पायरी आपोआप जपतं. हाताने केलेल्या सफाईत हा माग राहत नाही.
- आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या ओळींची संख्या दरवेळी जुळवायची. इंग्लंडमधली चूक अशा साध्या मोजणीनेही लक्षात आली असती.
- ग्राहकांची यादी इंटरनेटवरच्या कुठल्याही मोफत टूलमध्ये अपलोड करायची नाही. कोणतं टूल वापरायचं आणि कोणाला काय दिसेल, हे आयटी विभागानेच ठरवायला हवं.

थोडक्यात, नो-कोड आलं म्हणून आयटी विभागाची गरज संपत नाही. त्यांचं काम बदलतं. प्रत्येक रकाना स्वतः साफ करण्याऐवजी रस्ता, कुंपण आणि बॅकअप सांभाळणं हे त्यांचं काम होतं. एखाद्या कर्मचाऱ्याने हौसेने बनवलेल्या अ‍ॅपवर अख्खी शाखा चालत असेल आणि तो नोकरी सोडून गेला, तर पुढे काय? याचं उत्तर आधीच लिहून ठेवलेलं हवं.

याचा आपल्याशी काय संबंध?

कंपनीच्या शीटमधली एक ओळ म्हणजे कोणीतरी माणूस असतो. आधार आणि बँकेतल्या नावात फरक असल्यामुळे अडकलेले पैसे, जुन्या पत्त्यावर जाणारी विम्याची पत्रं, चुकीच्या जन्मतारखेमुळे रखडलेला पीएफ, हे अनुभव घरोघरी असतात. खराब डेटाची किंमत अनेकदा कंपनीपेक्षा तिच्या ग्राहकाला जास्त मोजावी लागते.

कायदाही आता याची दखल घेतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३च्या कलम ८नुसार, तुमच्या माहितीच्या आधारे तुमच्यावर परिणाम करणारा निर्णय होणार असेल किंवा ती दुसऱ्या संस्थेला दिली जाणार असेल, तर ती पूर्ण, अचूक आणि सुसंगत असेल हे बघण्याची जबाबदारी कंपनीवर आहे. कलम १२ तुम्हाला तुमची माहिती दुरुस्त, पूर्ण आणि अद्ययावत करून घेण्याचा हक्क देतं. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले आणि त्यातल्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

सुरुवात कुठून करायची?

तुम्ही मोठ्या कंपनीत काम करत असाल आणि हे वाचून हुरूप आला असेल, तर अख्ख्या कंपनीचा डेटा सुधारायला निघू नका. एकच यादी घ्या, जिच्यातल्या चुकांमुळे दर महिन्याला कोणाला तरी त्रास होतो. त्यातले तीनच रकाने निवडा. चुकीच्या नोंदी किती आहेत तो आकडा लिहून ठेवा. नियम लावा, फॉर्म सुधारा आणि महिन्याभराने तोच आकडा पुन्हा मोजा. आकडा खाली आला तर तो दाखवून पुढच्या यादीसाठी वेळ आणि माणसं मागता येतात.

आणि नोंद भरणाऱ्या माणसाशी एकदा बोला. तो दहा वेळा ९ का दाबतो, हे कुठल्याही टूलला सांगता येत नाही. त्याला विचारलं, तर तो दोन मिनिटांत सांगेल.